पूर्ण मिनिट

सराव परीक्षेचा पेपर कोरा होता. अगदीच कोरा म्हणता येणार नाही. वर परीक्षा क्रमांक होता, तारीख होती, पहिल्या प्रश्नाचा आकडा टाकून त्याला छान गोलही केला होता. आणि समासात, मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरावी तशी आकड्यांची एक रांग खाली उतरत गेली होती. ९२. ९६. १०४. १०८. ११२. पुन्हा ११२. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, दर पंधरा मिनिटांनी, न चुकता. मॅडमना आधी वाटलं, कच्ची आकडेमोड असेल, औषधाचा डोस काढायला घेतला असेल आणि सुटला नसेल. मग त्यांची नजर रांगेच्या शेपटाशी पोचली. तिथे १२८ होतं, त्याखाली पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ होती, आणि रेघेखाली वॉर्डातल्या तक्त्यावर लिहितात तशा स्वच्छ, वाटोळ्या अक्षरात लिहिलं होतं, "डॉक्टरांना कळवणे आवश्यक." मॅडम एकदम हसल्या. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानेच हसल्या. आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. कारण ती नाडी होती. पोरीने तीन तास बसून स्वतःची नाडी मोजली होती. आणि तिला ते शिकवलं होतं मॅडमनीच.

नर्सिंग कॉलेजात नापास झालेल्या मुलींचा एक वेगळा तास असायचा. कॉलेजच्या वेळापत्रकात त्याचं नाव 'विशेष मार्गदर्शन', मुलींच्या तोंडी 'आयसीयू'. सध्या त्यात पाच जणी होत्या. चौघींचं ठीक होतं, आळशी होत्या, थोड्या दटावण्याने सुतासारख्या सरळ येणाऱ्या. पाचवी खारूताई, कोरा पेपर तिचाच. हे नाव तिला मैत्रिणींनी दिलं होतं, कारण ती सतत काहीतरी पाठ करत असायची, ओठ हलत, पेनाचं टोपण कुरतडत, जिन्यात, जेवणाच्या रांगेत, नळावर. गालात दाणे साठवावेत तशी ती उत्तरं साठवायची आणि परीक्षेच्या खोलीत तोंड उघडलं की आत एक दाणा नाही! दोनदा नापास. आता तिसरी खेप, आणि नियम असा होता की तिसऱ्यांदा गेली तर नाव कमी. प्राचार्यांनी तो नियम मॅडमना परवाच जिन्यात उभ्याउभ्या ऐकवला होता, चष्मा पुसत. "तुमचा तास तुम्ही घेताय, चांगलं आहे. पण रडणाऱ्या पोरींना नर्स करून आपण कुणाचं भलं करतोय, हेही बघा." परीक्षेला आठ दिवस राहिले होते.

मॅडमनीच सांगितलं होतं, भीती वाटली की मनगट धरा. दोन बोटं ठेवा, मोजा, श्वास सावकाश सोडा, नाडी खाली येते की नाही बघा. चौघींना ते लागू पडलं होतं. एकीने तर येऊन सांगितलं, "मॅडम, मी मोजता मोजता झोपलेच!" पण खारूताई नर्स होती ना. नर्सने मोजलं की नर्स लिहिते. लिहिलं की पंधरा मिनिटांनी पुन्हा बघते. आकडा चढला की आणखी डोळ्यांत तेल घालून बघते. तिने आपल्या भीतीची शुश्रूषा केली होती, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, आणि रुग्ण हाताबाहेर चालला तेव्हा वरिष्ठांना कळवलंही होतं. आता वरिष्ठ इथे थंड चहापुढे बसल्या होत्या. त्यांनी छातीवर उलटं लावलेलं घड्याळ बोटाने वर उचलून पाहिलं. या घड्याळावरून मुली त्यांना पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणत, हे त्यांना माहीत होतं. नकळत त्यांचा दुसरा हात मनगटाकडे गेला, आणि विस्तवाला लागल्यासारखा परत आला. स्वतःची नाडी मॅडम कधीच मोजत नसत. बावीस वर्षांत एकदाही नाही.

घरी लेक ओट्याशी उभी राहून उद्याच्या चाचणीचा भूगोल वाचत होती, म्हणजे पुस्तक मिक्सरला टेकवून फोन बघत होती. "झाला अभ्यास? भीती नाही ना वाटत?" मॅडमनी चपला काढता काढता विचारलं. "आई!" लेक म्हणाली, "मला भीती कधी वाटते माहीतेय? तू 'भीती नाही ना वाटत' असं विचारतेस तेव्हा. तोपर्यंत मी मस्त असते." "बरं बाई, चुकलं." "आणि असा चेहरा करतेस ना, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलल्यासारखा. बाहेर या जरा, बोलायचंय, असा." ती खिदळत गेली, आणि मॅडम तशाच एका पायात चप्पल घालून उभ्या राहिल्या. पोरगी थट्टेत बोलली होती, पण नेम बरोबर लागला होता. आपण धीर देतो की भीतीकडे बोट दाखवतो? बघ, ती बघ, अजून तिथेच आहे, पुन्हा बघ. आणि आपल्याला हे सगळं शिकवायचा अधिकार काय? इथपर्यंत विचार आला की तो नेहमी वळायचा. सरळ पुढे जी वाट होती तिच्या टोकाला एक लोखंडी खाट होती, खाटेवर एक म्हातारा होता, आणि त्याचा गार, हाडकुळा, निवृत्त शिंप्याचा हात होता, सुईने टोचून टोचून बोटाचं टोक खडबडीत झालेला. मॅडमनी दुसरी चप्पल काढली. भाजी चिरायला घेतली. भाजी चिरताना नेमके किती तुकडे झाले ते मोजायची त्यांना सवय होती. आज मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुद्दाम वॉर्डात गेल्या. तिथे जायचं कारण नव्हतं, तिथली जबाबदारी दुसऱ्या ट्यूटरची होती. इन्चार्ज सिस्टर चादरींची यादी करत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "तुमची खारूताई? पलीकडे, सहा नंबरला. खरं सांगू? ही पोरगी नापास होत असेल तर पास कोण होतं तुमच्याकडे, ते एकदा बघायला आवडेल मला." सहा नंबरच्या बाई मधुमेहाच्या, अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी. खारूताई त्यांच्या उशाशी वाकून मनगट धरून उभी होती, नजर घड्याळावर, ओठ हलत. बाई सांगत होत्या, "सुनेला म्हटलं, मला न्यायला ये, तर म्हणते गाडी पंक्चर आहे. रोजच पंक्चर!" खारूताई मान डोलावत होती, पण मोजणं तुटत नव्हतं. मॅडम मागे उभ्या राहिल्या आणि हळूच, बाजारात भाव विचारावा तसं म्हणाल्या, "काय गं, यांची साखर एकदम उतरली तर काय दिसेल?" "घाम येईल, हात थरथरतील, भूक भूक करतील, चिडतील," खारूताई मागे न बघताच म्हणाली, "मग बोलण्यात गोंधळ. शुद्धीत असल्या तर साखरपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, शुद्धीत नसल्या तर तोंडाने काही द्यायचं नाही, लगेच डॉक्टर." "मी आत्ताच चिडलेय," बाई म्हणाल्या, "साखर उतरली असेल. आण बाई पेढा!" खारूताई हसली, मनगट सोडलं, आकडा लिहिला, वळली आणि तिला मॅडम दिसल्या. आणि मॅडमना ते डोळ्यांदेखत घडताना दिसलं. कुणीतरी आतून दिवे घालवत गेल्यासारखं, आधी डोळे, मग गाल, मग ओठ. "आता तेच पुन्हा सांग," मॅडम म्हणाल्या. "घाम..." खारूताई म्हणाली. "घाम येईल, मॅडम. आणि..." तिचा एक हात दुसऱ्या मनगटाकडे निघाला होता. मॅडमनी तो मधेच धरला. "ते नको," त्या म्हणाल्या. "ते मी चुकीचं शिकवलं."

दुपारी प्रात्यक्षिकाच्या खोलीत त्या दोघीच होत्या. दोघी आणि कॉटवरचा रबरी पुतळा, ज्याला मुली 'काका' म्हणत, त्याची बॅंडेजं बदलत, त्याच्या नाकात नळी घालत आणि रागावल्या की त्याच्याशी भांडतही. काकांना नाडी नव्हती. मॅडमनी खुर्ची ओढली, बाही वर केली आणि आपला हात टेबलावर ठेवला. उताणा. किती वर्षांनी तो असा कुणापुढे ठेवला होता! खारूताई बघत राहिली. "धर," मॅडम म्हणाल्या. "तुझी नको. माझी. आणि मी विचारीन त्याची उत्तरं दे." पोरीची बोटं गार होती, पण बसली बरोबर जागेवर, न चाचपता, घरची कडी सापडावी तशी. मॅडमनी विचारलं, ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होत असेल तर? "नाडी वाढेल, बीपी उतरेल, हातपाय गार, उगाच अस्वस्थ होतील, तहान तहान करतील." फिटचा झटका आला तर? कुशीवर, कपडे सैल, वेळ बघायची, तोंडात काही घालायचं नाही. अंथरुणावर पडून पडून होणाऱ्या जखमा? दर दोन तासांनी कूस. एक, दोन, पाच, आठ प्रश्न, आठ उत्तरं, एकाला एक लागून. मॅडमना आनंदाने ओरडावंसं वाटलं. सापडलं! या पोरीला उत्तरं येत नव्हती असं नव्हतंच, तिला उत्तरं द्यायला कुणीतरी आजारी माणूस लागत होता. कागदाला नाडी नसते, एवढीच तिची अडचण. त्या हे बोलणार एवढ्यात खारूताई मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, तुमची एकशे चार आहे."

"काहीतरीच," मॅडम म्हणाल्या. "माझी बहात्तर असते." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं गुळगुळीत, इतकं आयतं आलं की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. "नाही मॅडम. पूर्ण मिनिट मोजली. दोनदा." काका छताकडे बघत होते. बाहेर कुणीतरी बादली सरकवली, ती फरशीवर लांबवर किरकिरत गेली, आणि त्या आवाजाच्या मागे मागे मॅडम बावीस वर्षं मागे गेल्या, किंवा त्या कायम तिथेच उभ्या होत्या आणि बादलीने फक्त पडदा सरकवला. त्यांची स्वतःची प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षक म्हणजे एक उंच बाई, हातात पॅड, पेन पॅडवर टकटक. खाटेवर म्हातारा शिंपी. बाकीचं सगळं झालं होतं, चादर ताणून झाली, तापमान घेतलं, आता नाडी. बोटं ठेवली तर हाताला काही लागेना. दाबून ठेवली तरी लागेना. लागत होतं ते स्वतःच्याच कानात धडधडणारं काहीतरी, दार ठोठावल्यासारखं. पंधरा सेकंद झाले, तीस झाले, टकटक टकटक. आणि मग डोक्यात एक आकडा आला, नीटनेटका, पुस्तकातला. "बहात्तर." परीक्षक बाईंनी लिहिला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. म्हातारा मात्र बघत होता. त्याने काही म्हटलं नाही. नुसता हात हळूच मागे घेऊन चादरीत घातला, चुकीच्या हाती दिलेली वस्तू परत घ्यावी तसा. मॅडम वर्गात पहिल्या आल्या. चार दिवसांनी त्या वॉर्डात ड्यूटी लागली तेव्हा त्या खाटेवर एक तरुण पोरगा पाय बांधून पडला होता.

हे सगळं त्यांनी सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. हात धरलेला होता म्हणून सांगितलं गेलं असावं, मनगटातून वाट फुटल्यासारखं. त्यांना वाटलं होतं, पोरीला हलकं वाटेल. बघ, तुझी मॅडमसुद्धा घाबरली होती, असं. खारूताईने हात सोडला नाही, पण बोटं सैल झाली. "मग त्या बाबांचं काय झालं?" तिने विचारलं. "माहीत नाही." "म्हणजे घरी गेले की..." "माहीत नाही गं." "तुम्ही विचारलं नाही?" मॅडमनी मोकळ्या हाताने छातीवरचं घड्याळ सरळ केलं. "रजिस्टर असतं ना, मॅडम. वॉर्डाच्या टेबलावरच असतं." तिच्या आवाजात ठपका नव्हता. तेच वाईट होतं. तिला खरंच कळत नव्हतं, रजिस्टर चार पावलांवर असताना माणूस ते न उघडता बावीस वर्षं कसं राहतो. मग ती म्हणाली, "मला तो आकडा सुचलाच नसता. मी उभीच राहिले असते तिथे. म्हणून मी नापास होते का?" मॅडमनी तोंड उघडलं. कुठलंही बरं उत्तर त्यांना त्या क्षणी देता आलं असतं. बरी उत्तरं त्यांच्याकडे पुष्कळ होती, सगळी नीटनेटकी, पुस्तकातली. "मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

ती उद्या येणार नाही, असं धरूनच त्या घरी गेल्या. ती आली. काही न बोलता खुर्ची ओढली आणि हात पुढे केला, दे, असा. मग पुढचे दिवस हेच. मॅडम जुन्या पेपरातला प्रश्न वाचत, खारूताई मनगट धरून उत्तर देई. मग मॅडमनी हात काढून घेतला आणि प्रश्नातच माणूस शोधायला लावला. 'पन्नास वर्षांच्या स्त्रीस श्वास घेण्यास त्रास होत आहे', कोण आहे ही? "सहा नंबरच्या बाईंची बहीण," खारूताई म्हणाली, "तीही बडबडी, पण आज बोलवत नाहीये तिला. म्हणून जास्त काळजी." मग हिची धर. कागदावर दोन बोटं ठेव. आणि खरोखर ती प्रश्नाच्या ओळीवर दोन बोटं ठेवायची, आणि उत्तर उतरायचं. रोज नाही. एखाद्या दिवशी पुन्हा दिवे जायचे आणि ती कागदावर बोटं ठेवून भिंतीसारखी बसायची. शिकवता शिकवता त्या तिच्याकडे चोरून बघत, या पोरीने आपल्याकडून आणखी काय काय घेतलं असेल? बहात्तर घेतलं असेल का? अडली की तीही एक नीटनेटका आकडा टाकून पुढे जाईल, पास होईल, पांढरे कपडे घालेल, आणि एखाद्या खाटेवर कुणीतरी हळूच हात मागे घेईल. आपण हिला वाचवतोय की आपल्यासारखी करतोय? दोन्हीही नको, असं त्यांना वाटे, आणि लगेच वाटे, पण पास तर होऊ दे.

परीक्षेच्या दिवशी ट्यूटरांना हॉलमध्ये जायला मनाई असते. बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं. मुली आत जाताना फोन आणि घड्याळं दारातल्या पेटीत टाकत होत्या. खारूताईने आपलं घड्याळ टाकलं, परत फिरली, मॅडमपाशी आली. "आत पहिली कुणाची धरू?" तिने एवढंच विचारलं. ओठ पांढरे पडले होते. "पेपरात जी पहिली असेल तिची," मॅडम म्हणाल्या. "आणि तोवर?" तेवढ्यात घंटा झाली. मग तीन तास. बंद दाराला एक काचेची पट्टी होती, तिच्यातून आतला पंखा दिसे आणि कुणाचीतरी वेणी, पण ती कुणाची ते कळत नसे. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, चहा?" आणि "नको" ऐकूनही घेऊन आलाच. तो बाकावर निवत राहिला. त्या आकड्यांचा विचार करत होत्या, ९२, ९६, १०४, पंधरा मिनिटं झाली की आपोआप पुढचा, घड्याळाकडे न बघतासुद्धा. आत्ता ११२ असेल. आत्ता पुन्हा ११२. शेवटी १२८ येऊन गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण बसल्या बसल्या त्या पोरीचा कोरा पेपर पुन्हा लिहून काढला.

दार उघडलं. मुली बाहेर आल्या, बोलत, एकमेकींच्या उत्तरांवर किंचाळत, "अगं मी उलटंच लिहिलं!" खारूताई शेवटची आली. प्रश्नपत्रिका घडी करून हातात. मॅडम उठल्या, आणि त्यांना जे विचारायचं नव्हतं तेच त्यांनी विचारलं, "लिहिलंस?" खारूताईने घडी उलगडली. समासात, पहिल्या प्रश्नाशेजारी, एकच आकडा होता. १०४. "पहिली तुमचीच धरली," ती म्हणाली. "एवढी वाढलेली असतानाही तुम्ही आठ प्रश्न विचारलेत ना मला, आवाज न कापता. ते आठवलं. मग बाकीच्या भेटत गेल्या." मॅडमना हसू आलं, रडू आलं, नेमकं काय ते ठरायच्या आत ती पुढे म्हणाली, "एक सोडला. डोसचा. पहिली पायरी आली, मग काही आठवेना. डोक्यात एक आकडा आला होता, मॅडम. चांगला होता दिसायला. लिहिला नाही. तिथे जागा ठेवली मोकळी." "किती मार्कांचा?" मॅडम झटकन म्हणाल्या, आणि जीभ चावली. "दहा." दहा. दहा म्हणजे इकडचं तिकडे करायला पुरेसे. डोळ्यांपुढे प्राचार्य चष्मा पुसताना दिसले. कुणी सांगितलं होतं या पोरीला एवढं खरं व्हायला? लिही ना एखादा आकडा, बरोबरही आला असता, हे वाक्य मॅडमच्या ओठांपर्यंत आलं. बावीस वर्षं जुनं, अजून तसंच गुळगुळीत. त्यांनी ते गिळलं.

"त्या बाबांचं रजिस्टर," त्या म्हणाल्या, "जुनी रजिस्टरं तळघरात ठेवतात. मी उद्या जाणार आहे." हे त्यांनी त्या क्षणीच ठरवलं, आणि म्हणताक्षणी त्या बाकावर बसल्या. खारूताई शेजारी बसली. तिने न विचारता त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, दोन बोटं ठेवली, आणि आपलं घड्याळ अजून पेटीतच आहे हे आठवून मान तिरकी करून मॅडमच्या छातीवरच्या उलट्या घड्याळात बघू लागली. तिच्या बाजूने ते उलटं होतं. सेकंदकाटा तिला खालून वर चढताना दिसत असणार. मुली जिन्यावरून उतरून गेल्या, शिपायाने गार चहाचा कप उचलला. मॅडमनी सवयीने मनात पंधरा सेकंद धरले, आणि म्हणाल्या, "झाले बघ पंधरा. चारने गुणायचं, सोड." "थांबा हो मॅडम," खारूताई घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "मिनिट होऊ दे." आणि मॅडम थांबल्या. किती असेल, याचा एकही आकडा त्यांच्या डोक्यात आला नाही. खारूताईचे ओठ हलत होते. अजून अर्धं मिनिट बाकी होतं.